लेक्चरमधले शब्द माहीत आहेत, तरी ऐकू येत नाहीत: अभ्यासाचं इंग्रजी कानाला कसं लावायचं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढते आहे.

मी लातूर जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे भूशास्त्र घेऊन एम.एस्सी. येत्या सप्टेंबरात इंग्लंडला भूजलशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला जायचं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा मी शाळेत होते. हाच विषय शिकायचा हे तेव्हापासून मनात आहे. त्यामुळे तिथे जाऊन अर्धंमुर्धं समजून परत यायची माझी तयारी नाही.

अडचण अशी. शोधनिबंध वाचायला मला त्रास होत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचनाला चांगले गुण मिळाले. ऐकण्याच्या परीक्षेत पहिले तीन भाग बरे गेले. चौथ्या भागात एकच माणूस अभ्यासाच्या विषयावर सलग बोलतो आणि ते एकदाच ऐकवतात, तिथे गाडी अडली. सध्या यूट्यूबवर परदेशी विद्यापीठांतली भूजलाची लेक्चरं ऐकते आहे. थोडा वेळ नीट चालतं, मग एक वाक्य निसटतं, ते काय होतं याचा विचार करेपर्यंत पुढची तीन निघून जातात. नंतर तेच बोलणं लिहिलेलं काढून वाचलं की त्यात न कळणारा शब्द शोधून सापडत नाही.

एका ओळखीच्यांनी ५७० शब्दांची 'अकॅडमिक' यादी दिली आणि ही पाठ कर म्हणाले. करते आहे, पण ऐकण्यात फरक पडलेला नाही. यादीत गडबड आहे की पद्धतीत? ज्यांनी हे पार केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओवी_सांगली

वाचते आहे. माझा भाचा मराठी माध्यमातून दहावी करून यंदा अकरावी सायन्सला गेलाय. त्याची तक्रार जरा वेगळी आहे, पण मूळ एकच असेल असं वाटतं. जाणकारांनी लिहावं.

खडूफळा

मांजराकाठ, प्रश्न फार नेमका मांडलात. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं दरवर्षी हेच सांगतात, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी तुमच्या यादीबद्दल. ती बहुधा न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांची असणार, २००० साली प्रसिद्ध झालेली. ५७० शब्दकुटुंबं आहेत तिच्यात. म्हणजे ॲनलाइज, अनॅलिसिस, ॲनलिटिकल हे सगळं मिळून एक कुटुंब. यादी उत्तम आहे. पण ती कशातून काढली ते बघा. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांच्या सुमारे ३५ लाख शब्दांच्या मजकुरातून, आणि तो सगळा मजकूर लिखित. अशा मजकुरात या यादीतले शब्द साधारण दहा टक्के जागा व्यापतात. ब्रिटिश विद्यापीठांतल्या लेक्चरांवर आणि सेमिनारांवर हीच यादी लावून पाहिली, तेव्हा प्रमाण साडेचार टक्क्यांच्याही खाली आलं. तुमचं वाचन त्या यादीने आणखी पक्कं होईल. लेक्चरात मात्र तुम्ही अडखळता ते बहुतेक वेळा दुसऱ्याच शब्दांपाशी.

मग लेक्चर कशाचं बनलेलं असतं? बहुतांशी साध्या, रोजच्या शब्दांचं. २०१७ साली डँग, कॉक्सहेड आणि वेब या तिघांनी विद्यापीठातल्या बोलण्याची स्वतंत्र यादी केली. त्यासाठी त्यांनी सुमारे १ कोटी ३० लाख शब्दांचं बोलणं तपासलं. त्या यादीत १७४१ शब्दकुटुंबं आहेत आणि वर्गातल्या बोलण्याचा जवळपास नव्वद टक्के भाग तेवढ्यात बसतो. भारदस्त शब्दांच्या बरोबरीने तिच्यात बोलण्यातले साधे शब्द मोठ्या संख्येने आहेत. त्याआधी २०१४ मध्ये डँग आणि वेब यांनी दाखवलं होतं की सर्वाधिक वापरातली ४००० शब्दकुटुंबं आणि विशेषनामं ओळखीची असतील तर लेक्चरातले सुमारे ९६ टक्के शब्द ओळखीचे होतात. ९८ टक्क्यांपर्यंत जायला ८००० लागतात.

९६ टक्के ऐकायला छान वाटतं. पण मिनिटाला १४० शब्द धरले तर दर मिनिटाला पाच-सहा शब्द अनोळखी राहतात. तेवढ्यावर बहुतेकांचं भागतं, अट एकच: उरलेले शब्द कानाला *तत्काळ* ओळखू आले पाहिजेत. आपल्याकडे घोडं नेमकं इथेच पेंड खातं. आपण हे शब्द पुस्तकातून शिकलो. फोटोतून ओळखीचा झालेला माणूस फोनवरच्या नुसत्या आवाजावरून ओळखता येईलच असं नाही, तसं या शब्दांचं झालेलं असतं.

जाता जाता: शिकणाऱ्यासाठी शब्द निवडून यादी करायची, या कामाची मुळं आपल्याच उपखंडात आहेत. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं यासाठी त्यांनी जे काम सुरू केलं, त्याच वाटेवर पुढे १९५३ ची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी आली. तेव्हा रोख वाचनावर होता. आपल्या शाळांत तो अजून तसाच आहे.

एक काम करून बघा. ज्या लेक्चरात वाक्य निसटलं त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. थांबवत थांबवत, हवा तितक्या वेळा ऐकून, जे ऐकू येतंय ते वहीत लिहा. मग लिखित प्रतीशी ताडून पाहा आणि चुकलेल्या जागा इथे लिहा.

लीड्सकर

+१. सरांनी मुद्द्याला हात घातलाय. माझाही प्रतिसाद येतोय, ऑफिसातून सुटलो की लिहितो.

मांजराकाठ

खडूफळा सर, मनापासून आभार. सांगितलंत तसं केलं. एक वाक्य जसंच्या तसं देते.

लिखित प्रतीत होतं: 'व्हॉट वी आर गोइंग टु डू इज लुक ॲट हाउ मच ऑफ इट एंड्स अप इन द ॲक्विफर.'

मला ऐकू आलं: 'वॉटव गना डूज लुकट हामचविट एन्झपिन दि ॲक्विफर.'

ॲक्विफर (जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा थर) लगेच पकडला. तो माझ्या विषयातला, रोजचा. बाकीचं सगळं एकाला एक चिकटून आलं. 'एन्झपिन' हा एखादा रसायनाचा शब्द असावा असं वाटून मी त्याच्याच मागे लागले होते, आणि निघाला 'एंड्स अप इन'. त्या तुकड्यात अवघड म्हणावा असा एकही शब्द चुकला नाही. चुकले ते ऑफ, इट, अप, टु, हॅव, देम, वुड.

खडूफळा

आता बघा, तुमच्या तक्रारीचं उत्तर तुमच्याच वहीत आलं.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला बऱ्यापैकी सारखा वेळ देतो. इंग्रजीत आघात असलेली अक्षरं ठळक येतात, मधली आवळली जातात. 'ऑफ'चा नुसता 'अव्ह' उरतो, 'टु'चा 'ट', 'हॅव'चा 'अव्ह', 'देम'चा 'अम'. शिवाय एका शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन चिकटतं. तुमचं 'एन्झपिन' असंच तयार झालं. बोलणाऱ्याचं काही चुकत नाही आणि तो घाईतही नसतो. ती भाषा तशीच बोलली जाते. म्हणून 'एंड्स अप इन', 'हाउ मच ऑफ इट', 'इन टर्म्स ऑफ', 'ॲज अ रिझल्ट ऑफ' हे सगळे एकेक शब्द असल्यासारखे, सलग आवाजासकट वहीत घ्यायचे.

मोठ्या शब्दांतही आघाताची जागा सरकते आणि शब्दाचा चेहराच बदलतो. ॲनलाइजमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, अनॅलिसिसमध्ये दुसऱ्यावर, ॲनलिटिकलमध्ये तिसऱ्यावर. इकॉनमी आणि इकनॉमिक म्हणून बघा. व्हेरी, व्हेरिएशन, व्हरायटी एकाच घरातले आहेत हे डोळ्याला दिसतं, कानाला नाही. आपण 'पॅरामीटर' म्हणतो, त्यांच्याकडून येतो 'परॅमिटर'. आपण 'डिटरमाइन' म्हणतो, येतो 'डिटर्मिन'. अर्थशास्त्रवाल्यांना 'डेट' ऐकून तारीख आठवते आणि तिथे चाललेली असते कर्जाची गोष्ट. गणितात 'यूलर' वाचलेलं असतं, लेक्चरात 'ऑयलर' येतो आणि मुलं शेजारच्याला विचारतात, हा कोण नवीन? तुमच्या विषयातला घ्यायचा तर आपल्या दख्खनचा 'बेसॉल्ट' इंग्लंडात 'बॅसॉल्ट' असा, पहिल्या अक्षरावर जोर देऊन येईल.

थोडक्यात, नवा शब्द वहीत लिहिताना अर्थाच्या *आधी* त्याचा आवाज ऐका, स्वतः मोठ्याने म्हणा आणि जोर असलेल्या अक्षराखाली रेघ मारा. हे न करता केलेलं पाठांतर ऐकायच्या वेळी उपयोगी पडत नाही.

बाराखडी

सर, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

सगळं कानावर ढकलू नका. मांजराकाठ ताई एम.एस्सी. झाल्यात, त्यांचे शब्द पक्के आहेत. माझ्यासारख्याचं काय? माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून ते २००० साली आलं. दहावीपर्यंत शास्त्र मराठीत आणि तेही आवडीने शिकलेलो. त्वरण, संवेग, जडत्व, संयुजा, उत्प्रेरक, पेशी, तंतुकणिका, हरितलवक. अकरावीला पहिल्याच आठवड्यात हे सगळे शब्द गायब झाले आणि त्यांच्या जागी ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया आले. आमचे सर प्रत्येक अक्षर फोडून, सावकाश, मराठी वळणाने इंग्रजी बोलायचे. ऐकू सगळं यायचं, पण कळायचं काहीच नाही. शब्दच नव्हते माझ्याकडे. वर्गात हुशार समजला जाणारा मुलगा अकरावीत मागच्या बाकावर जाऊन बसतो, तो याच कारणाने. अशी मुलं मी आजही बघतो आणि जीव तुटतो.

ओवीताईंच्या भाच्याची तक्रार हीच असणार, पैज लावतो.

ओवी_सांगली

अगदी हीच! काल तो म्हणाला, "मावशी, मला ते येतं गं, पण सर कशाबद्दल बोलतायत तेच कळत नाही."

खडूफळा

बाराखडी, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी एका अडचणीबद्दल बोलत होतो, ही दुसरी आहे, आणि तिच्यावर उपायही वेगळा लागतो. तुमची कल्पना पक्की होती, फक्त तिचं इंग्रजी नाव हवं होतं. हे काम त्यामानाने लवकर होतं, मुलाला कोणी वेळेवर करून दिलं तर. दुर्दैवाने जूनमध्ये ते करून देणारं कोणी नसतं.

ओवीताई, भाच्याची दहावीची विज्ञानाची दोन्ही पुस्तकं माळ्यावर टाकू नका. वर्गात जो धडा येणार असेल, त्याच विषयाचा दहावीतला किंवा नववीतला मराठी धडा त्याने आदल्या रात्री वाचावा. शेजारी अकरावीचं इंग्रजी पुस्तक ठेवावं. दोन रकान्यांची वही करावी. एकीकडे संवेग, दुसरीकडे मोमेंटम, आणि दुसरा रकाना तोंडाने म्हणत भरावा. सकाळी तासाला बसेल तेव्हा निदान दहा शब्द कानाला ओळखीचे असतील.

आणखी एक खड्डा आहे, तो त्याला आधीच दाखवून ठेवा. काही शब्द साधे दिसतात आणि शास्त्रात वेगळंच बोलतात. 'वर्क' म्हणजे काम हे त्याला माहीत असतं. पण भिंत ढकलून घाम गाळला तरी भिंत हलली नाही तर वर्क शून्य. 'मोमेंट' म्हणजे क्षण असं धरून बसला की बलाच्या आघूर्णाचा धडा डोक्यावरून जातो. 'नॉर्मल' म्हणजे लंब. 'पॉवर', 'स्ट्रेस', 'फेज', 'सोल्यूशन' ही त्याच जातीची मंडळी. हे शब्द माहीत नसते तर मुलाने विचारले असते. माहीत आहेत असं वाटतं, म्हणून तो विचारत नाही.

परिभाषा

खडूफळा यांच्या प्रतिसादाला जोडून. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, एकेका विषयाचे स्वतंत्र. मराठी माध्यमातून आलेल्यांना हे सोडून द्यायचं ओझं वाटतं, आणि मला ते फार चुकीचं वाटतं. लेक्चर ऐकण्याआधी विषय आपल्या भाषेत डोक्यात बसलेला असेल तर निसटलेलं वाक्य अंदाजाने भरून काढता येतं. सच्छिद्रता (पोकळ्या किती आहेत) आणि पार्यता (त्यांतून पाणी किती सहज वाहतं) यांतला फरक मराठीत स्पष्ट झालेला असेल, तर पोरॉसिटी आणि पर्मिॲबिलिटी हे शब्द एकाच वाक्यात भराभर आले तरी गोंधळ होत नाही. चिकणमातीत पोरॉसिटी भरपूर आणि पर्मिॲबिलिटी कमी, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला ते वाक्य अर्धं ऐकूनही पूर्ण कळतं.

लीड्सकर

उशिराबद्दल क्षमस्व. आता निवांत लिहितो. मी इथे मास्टर्स करून नोकरीला लागलो, मूळ गाव कराडजवळ. वर आलेल्या मुद्द्यांत न आलेलं तेवढंच सांगतो.

पहिलं म्हणजे कागदावरचं इंग्रजी आणि वर्गातलं इंग्रजी यांचे शब्दच वेगळे असतात. निबंधात 'इन्व्हेस्टिगेट' असतं, प्राध्यापक म्हणतो 'लुक इन्टु'. निबंधात 'कॅलक्युलेट', बोलताना 'वर्क आउट'. 'एलिमिनेट'च्या जागी 'गेट रिड ऑफ' किंवा 'रूल आउट', 'कॉन्स्टिट्यूट'च्या जागी 'मेक अप'. शिवाय 'अकाउंट फॉर', 'बॉइल डाउन टु', 'टर्न आउट', 'फॅक्टर इन'. आपण भारी शब्दांवर मेहनत घेतो आणि हे छोटे जोडशब्द सोपे समजून सोडून देतो. भारी शब्द फळ्यावर, स्लाइडवर लिहिलेला तरी असतो. 'बॉइल्स डाउन टु' कुणी लिहून दाखवत नाही.

दुसरं, वळणाच्या खुणा. 'व्हिच ब्रिंग्ज अस टु' आलं की नवा मुद्दा. 'हॅविंग सेड दॅट' आलं की आत्ता सांगितलं त्याच्या उलट बाजू येणार. 'बाय द वे' किंवा 'ॲज ॲन असाइड' आलं की पेन खाली ठेवून श्वास घ्या, परीक्षेला यातलं काही येणार नाही. 'बेअर इन माइंड' आलं की लिहून घ्या. या खुणा कानात बसल्या की एखादं वाक्य निसटलं तरी पुढच्या वळणावर पुन्हा पकडता येतं. मांजराकाठ, तुम्ही लिहिलंत ना की एक निसटलं की तीन जातात, त्यावर हाच उपाय मला सर्वांत जास्त लागू पडला. निसटलेल्या वाक्यामागे धावायचं नाही, पुढच्या खुणेची वाट बघायची.

तिसरं आकडे, आणि तुमच्या विषयात ते सतत येणार. आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. समोरचा 'थ्री पॉइंट सिक्स मिलियन' म्हणतो, आपण मनात छत्तीस लाख करतो आणि तेवढ्यात तो पुढे गेलेला असतो. तुम्हाला एक सोय आहे. आपल्या धरणांच्या बातम्या दलघमीत येतात आणि दलघमी म्हणजे मिलियन क्यूबिक मीटरच. टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्यूबिक फीट, साधारण २८.३ दलघमी. मांजरा, जायकवाडी, कोयना यांचे आकडे मिलियनमध्येच मोठ्याने म्हणायची सवय लावा. रूपांतर मनात करायची गरजच संपवून टाका. थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी यांत फरक आघाताने ओळखायचा, शेवटच्या 'न'ची वाट बघत बसलात तर फसाल.

चौथं, 'कॅन' आणि 'कांट'. होकारातला कॅन जवळजवळ नाहीसा होतो, नुसता 'कन'. नकारातला ठळक येतो. ठळक ऐकू आला तर बहुधा नकार आहे असं धरा. अख्ख्या वाक्याचा अर्थ फिरतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि हो, तिथे सगळे प्राध्यापक बीबीसीसारखे बोलतील अशी अपेक्षा ठेवून येऊ नका. ग्रीक, चिनी, स्कॉटिश, नायजेरियन सगळे असतात. बऱ्याच ठिकाणी लेक्चर रेकॉर्ड होतं. ते संध्याकाळी पुन्हा ऐकायला लाजू नका, इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही ऐकतात.

रानवारा

लीड्सकर, काय सुरेख प्रतिसाद! वाचनखूण साठवली.

माझं एक म्हणणं. सुरुवात परदेशी लेक्चरांनी का करायची? एनपीटीईएलवर आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची लेक्चरं आहेत, मोफत, बऱ्याच अभ्यासक्रमांची लिखित प्रतही मिळते. तमिळ, बंगाली, तेलुगू वळणाचं इंग्रजी आपल्या कानाला जवळचं. शब्द आधी इथे ओळखीचे करून घ्यावेत, मग एमआयटीचं ओपनकोर्सवेअर किंवा येलचे खुले अभ्यासक्रम, त्यांच्याही लिखित प्रती मिळतात. मी कृषी महाविद्यालयातल्या मुलांना याच क्रमाने नेतो. थेट अमेरिकन लेक्चर लावून दिलं की दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं सोडून देतात.

खडूफळा

अकरावी आणि पदवीच्या मुलांसाठी रानवारांचा क्रम योग्यच आहे. मांजराकाठ यांच्याकडे सप्टेंबरपर्यंतच वेळ आहे आणि विषय पक्का आहे, त्यांनी थेट परदेशी लेक्चरांवरच राहावं.

मात्र दहा जणांची दहा लेक्चरं ऐकू नका. *एकाच* प्राध्यापकाचा एकच अभ्यासक्रम घ्या आणि क्रमाने ऐका. माणूस तोच, लकबी त्याच, विषय तोच, त्यामुळे शब्द आपोआप पुन्हा पुन्हा येतात. ज्या शब्दाची गाठ निरनिराळ्या वाक्यांत पडते तो टिकतो. पहिल्यांदा सबटायटल बंद ठेवून ऐका आणि एका कागदावर फक्त मुद्दे लिहा. मग लिखित प्रतीवरून नजर फिरवत निसटलेल्या जागा शोधा. तेवढेच तुकडे पुन्हा ऐका, बोलणाऱ्याच्या पाठोपाठ त्याच लयीत म्हणा. शेवटी सबटायटलशिवाय पुन्हा एकदा सलग. वेग कमी करून ऐकायची सवय लावू नका. ०.७५ वर शब्द लांबतात, पण जिथे ते एकमेकांना चिकटलेत तिथे चिकटलेलेच राहतात.

सापडलेल्या तुकड्यांची कार्डं करा. अँकी हे ॲप संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नका, फक्त आवाज ठेवा. आवाज ऐकून मागे काय आहे ते सांगता आलं पाहिजे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं. म्हणून उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग हळूहळू अंतर वाढवत. रोज थोडी कार्डं, पण न चुकता.

बाराखडी

सबटायटल बंद ठेवण्याबाबत थोडा सबुरीने सल्ला द्यावा असं वाटतं. ज्याला दहातलं चारच कळतं त्याला बंद करून ऐकायला लावलं तर तो हिरमुसतो. त्याने आधी चालू ठेवून ऐकलं तर काय बिघडलं?

खडूफळा

काही बिघडत नाही. त्याने आधी लिखित प्रत वाचून मग ऐकलं तरी चालेल. फक्त शेवटची फेरी सबटायटलशिवाय हवी, नाहीतर डोळेच काम करत राहतात. आणि आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलवर पारिभाषिक शब्दांसाठी विसंबू नका.

मांजराकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार. इतके दिवस लिहिलं नाही कारण सांगितलेलं करून बघत होते.

भूजलाचा एकच अभ्यासक्रम धरला. कार्डांवर ५७० च्या यादीतले शब्द कमी आणि 'एंड्स अप इन', 'अ फेअर बिट ऑफ', 'इट टर्न्स आउट दॅट' असले तुकडे जास्त आहेत. त्या प्राध्यापकांचं बोलणं आता सलग ऐकू शकते. नव्या माणसाचं लेक्चर लावलं की सुरुवातीला अजून अडखळते, पण सूर लवकर लागतो. लीड्सकर दादा, 'हॅविंग सेड दॅट'ला पेन आपोआप थांबतं माझं. आणि मांजरा धरणाचा साठा मिलियनमध्ये मोठ्याने म्हणताना आजी विचारते, "कुणाशी बोलतीस गं?"

यादीसुद्धा सोडलेली नाही. तीच यादी आवाजासकट, आघाताच्या रेघा मारत पुन्हा पहिल्यापासून घेतली आहे.

आता पुढची शंका. एकटा माणूस बोलतो तोवर ठीक. सेमिनारमध्ये पाच-सहा जण एकमेकांचं तोडत बोलतात, त्याची तयारी इथे गावात बसून कशी करायची?

लीड्सकर

सेमिनारमध्ये लोक वाक्य पूर्ण करत नाहीत, 'आय मीन', 'सॉर्ट ऑफ', 'काइंड ऑफ' म्हणत मध्येच दिशा बदलतात. त्यांचं प्रत्येक वाक्य पकडायला जाऊ नका. कोण सहमत आहे आणि कोण नाही, एवढं पकडा. 'आय टेक युअर पॉइंट, बट' म्हणजे असहमती. 'आय वंडर इफ' म्हणजेही बहुधा असहमतीच, सभ्यपणे केलेली. सेमिनारसाठी जे वाचायला देतील ते आदल्या दिवशी वाचलेलंच हवं, तिथे वाचनावरच निम्मं ऐकणं चालतं. नाही कळलं तर 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे बिनदिक्कत विचारा. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

खडूफळा

मिशिगन विद्यापीठाने तिथल्या वर्गांत आणि चर्चांत झालेल्या बोलण्याचा संग्रह केलाय, 'मायकेस' नावाने ओळखला जातो. सुमारे १८ लाख शब्द आहेत आणि लिखित प्रती मोफत वाचता येतात. लेक्चरांबरोबर सेमिनार, प्रयोगशाळेतले तास, प्राध्यापकांच्या खोलीत विद्यार्थ्यांनी विचारलेल्या शंका, सगळं आहे त्यात. इंग्लंडचं तसंच काम वॉरिक आणि रेडिंग विद्यापीठांनी केलं, १६० लेक्चरं आणि ४० सेमिनार. यातला एखादा सेमिनार काढून दोन-तीन मैत्रिणींत वाटून घ्या आणि नाटकाची तालीम करावी तसा मोठ्याने वाचा. कोण कुणाला कुठे तोडतं, सहमती कशी दर्शवतं, हे तोंडात बसलं की कानात बसायला वेळ लागत नाही.

ओवी_सांगली

मांजराकाठ, मैत्रिणी कमी पडत असतील तर मी आहे. भाच्यालाही बसवते, त्याची दोन रकान्यांची वही निम्मी भरत आली. रविवारी संध्याकाळी ऑनलाइन जमेल का? आणखी कुणी येणार असेल तर इथेच सांगा.

बाराखडी

मी येतो. आमच्या गावातली अकरावीची दोन पोरं पण आणतो.